निकाहचे चित्रीकरण : डोळ्यांची आणि कानांची अमानत

गेल्या शाबान महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. महाविद्यालयात शिकणारा, शांत स्वभावाचा मुलगा. त्याने स्वतःच्या कमाईतून एक कॅमेरा घेतला होता आणि शव्वालमध्ये त्याच्या मोठ्या बहिणीचा निकाह ठरला होता. बाहेरचा व्हिडिओवाला घरात आणायचा नाही, चित्रीकरण आणि संकलन याच मुलाने करायचे, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले होते. त्याने एकच प्रश्न विचारला, "मौलाना, जायज आहे का?"

मी त्याला म्हटले, "एका शब्दात उत्तर देता येईल, पण ते तुझ्या उपयोगी पडणार नाही. रविवारी असरनंतर ये." त्या रविवारी आमची जी बैठक झाली, तिच्यातूनच हा लेख तयार झाला आहे.

प्रश्नाच्या पहिल्या भागावर मी फार वेळ घालवत नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कॅमेऱ्याने घेतलेली प्रतिमा हदीसमध्ये निषिद्ध ठरविलेल्या 'तस्वीर'मध्ये मोडते की नाही, याविषयी उलेमांमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ मतभेद आहेत. मिस्रचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी छायाचित्राला पकडून ठेवलेल्या सावलीसारखे मानून त्याला परवानगी दिली. आपल्या उपखंडात मुफ्ती मुहम्मद शफी यांनी ते तस्वीरच मानले. पुढे त्यांचेच सुपुत्र मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांनी पडद्यावरील डिजिटल प्रतिमा कागदावरच्या चित्राप्रमाणे स्थिर नसते, असा भेद मांडला. देवबंदच्या फतव्यांचा कल मात्र आजही गरजेवाचून चित्रीकरण टाळावे असाच आहे. ज्या घराचा विश्वास कडक मतावर आहे, त्या घराने कॅमेरा आणूच नये. खुतबा आणि ईजाब-कबूल यांचा केवळ आवाज जतन करून ठेवावा. मला विचाराल तर एका घराण्यासाठी तीही मोठी ठेव आहे. ज्या घराने दुसऱ्या मताचा आधार घेतला आहे, त्याच्याशी वाद घालण्याचा माझा हेतू नाही. पुढचे विवेचन त्याच घरासाठी आहे.

या वादात ज्या हदीसचा वारंवार उल्लेख होतो, ती आपण पूर्ण वाचत नाही, ही माझी खंत आहे. सहीह बुखारीच्या स्वप्नांविषयीच्या प्रकरणात ह. अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तिच्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीन माणसांविषयी इशारा दिला आहे. पहिला तो, जो न पाहिलेले स्वप्न पाहिले म्हणून सांगतो. त्याला जवाच्या दोन दाण्यांची गाठ मारायला सांगितले जाईल आणि ती त्याला मारता येणार नाही. दुसरा तो, जो लोकांना नको असताना त्यांचे बोलणे कान देऊन ऐकतो. कयामतच्या दिवशी त्याच्या कानात वितळलेले शिसे ओतले जाईल. तिसरा तो, जो तस्वीर बनवतो. तिच्यात प्राण फुंक असे त्याला सांगितले जाईल आणि तो फुंकू शकणार नाही.

शंभर वर्षे आपण तिसऱ्या माणसाविषयी भांडत राहिलो. दुसरा माणूस त्याच हदीसमध्ये, त्याच्या शेजारीच उभा आहे. त्याच्याविषयी कोणत्याही मतप्रवाहात मतभेद नाही आणि लग्नात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या कोणाला तो आठवतही नाही. मलाही आठवला नव्हता.

२०१३ सालच्या जानेवारीत माझ्या मामेबहिणीचा निकाह चिपळूणजवळच्या आमच्या गावी झाला. मी तेव्हा मदरशात शिकत होतो आणि त्याच वेळी मराठी विषय घेऊन बाहेरून बी.ए.च्या परीक्षा देत होतो. एका मित्राचा कॅमेरा मागून आणला. आवाजासाठी त्याच्याकडचा छोटा रेकॉर्डर आणि कॉलरला लावायचा माइकही घेतला. आमच्याकडे शाफई मसलकानुसार निकाहात वलीचे स्थान मोठे. मामूंनी काजीसाहेबांना वकील न करता स्वतःच्या तोंडाने ईजाब उच्चारण्याचे ठरवले होते. त्यांचा तो आवाज स्वच्छ यावा म्हणून मी त्यांच्या शेरवानीला माइक लावला आणि रेकॉर्डर त्यांच्या आतल्या खिशात ठेवला. लावण्यापूर्वी मी त्यांना विचारले होते. त्यांनी हसून होकार दिला होता.

निकाह झाला, खजूर वाटले गेले, लोक गळाभेटी घेऊ लागले आणि मी कॅमेरा उचलून जेवणाच्या मांडवाकडे धावलो. रेकॉर्डर मामूंच्या खिशातच राहिला. तो पुढे जवळजवळ दोन तास चालू होता.

रात्री नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाने सगळे चित्रीकरण मागितले. "भाईजान, आमच्याकडेही एक प्रत असू द्या, तुम्ही संकलन केव्हा कराल कोण जाणे," असे तो म्हणाला. मागणीत गैर काहीच नव्हते. मी कॅमेऱ्याचे कार्ड आणि रेकॉर्डरमधले ध्वनी असे सर्व काही त्याच्या हार्ड डिस्कवर उतरवून दिले. त्यातले एक मिनिटही मी स्वतः पाहिले किंवा ऐकले नव्हते.

नऊ-दहा दिवसांनी मदरशाच्या वसतिगृहात कानाला हेडफोन लावून मी चित्र आणि आवाज जुळवायला बसलो. ईजाब-कबूल सुरेख आले होते. त्यापुढे थांबायला हवे होते. परंतु पट्टी चालूच राहिली. मामू मांडववाल्याशी बोलत होते. उरलेली रक्कम आंब्याचे पैसे आल्यावर देतो, असे ते सांगत होते. मग त्यांच्या एका जुन्या मित्राचा आवाज आला. मामूंनी त्याला मामींच्या बांगड्या कोठे ठेवल्या आहेत आणि त्या कधीपर्यंत सोडवायच्या आहेत, हे हलक्या आवाजात सांगितले. मी हेडफोन काढून ठेवला. पण ऐकायचे ते ऐकून झाले होते, आणि ते ऐकणारा मी पहिला नव्हतो.

सासरी माझ्या बहिणीला तिच्या नणंदेने जेवताना चार जणींच्या देखत विचारले होते, "बांगड्या सुटल्या का गं?" बहिणीला काहीच ठाऊक नव्हते. तिने फोनवर मामींना विचारले. मामी रडू लागल्या, त्यावरून तिला सारे समजले.

मी गावी गेलो आणि मामूंपुढे बसून जे घडले ते सांगितले. ते रागावले नाहीत. बराच वेळ अंगणाकडे पाहत बसले आणि मग इतकेच म्हणाले, "अजून कोणाकडे आहे ते?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या हार्ड डिस्कवरून कोणी किती प्रती घेतल्या, हे मला माहीत नव्हते. आजही माहीत नाही.

रविवारी त्या तरुणाला मी हे सर्व सांगितले, मग आम्ही कामाकडे वळलो.

सूरह नूरच्या २७व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घेण्याचा आणि सलाम करण्याचा आदेश आहे. परवानगी कशासाठी, हे ह. सहल बिन सअद (रजि.) यांच्या हदीसवरून स्पष्ट होते. एक माणूस प्रेषितांच्या (स.) घराच्या फटीतून आत डोकावला, तेव्हा आपण त्याच्यावर अत्यंत नाराज झाला आणि परवानगीचा हुकूम नजरेसाठीच आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे पाऊल उंबऱ्याबाहेर असले तरी नजर आत गेली की प्रवेश झाला. कॅमेऱ्याची भिंग अंगणातून माजघरापर्यंत पोहोचते. म्हणून परवानगी घराच्या कर्त्याची एकदाच घेऊन भागत नाही. ज्याच्यावर नजर रोखायची त्याची ती घ्यावी लागते, आणि माइक लावायचा तर तो काढण्याची वेळही त्याच वेळी सांगून ठेवावी लागते. मी त्या मुलाला म्हटले, एक धाकटा भाऊ सोबत घे. त्याचे काम एकच : कबूल झाले की माइक काढून तुझ्या हातात आणून देणे.

ईजाब-कबूल हा निकाहचा गाभा आहे, आणि हौशी माणसाच्या चित्रीकरणात नेमका तोच भाग बिघडतो. कारण तो चार-पाच मिनिटांत संपतो आणि पुन्हा घडत नाही. मशिदीत निकाह असेल तर कॅमेरा बाजूच्या भिंतीलगत ट्रायपॉडवर, काजीसाहेब, वली, नवरा मुलगा आणि दोन्ही साक्षीदार एका चौकटीत येतील असा उभा करावा आणि तेथून हलवू नये. साक्षीदारांच्या आणि नवऱ्या मुलाच्या मध्ये कॅमेरा घेऊन उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. ज्यांनी ऐकायचे आणि पाहायचे, त्यांच्याच आड साक्ष टिपणारा उभा! मशिदीत दिव्यांचे स्टँड नेऊ नयेत. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने शटरचा वेग एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवला, तर ट्यूबलाइट आणि एलईडीची फडफड चित्रात सहसा दिसत नाही. पांढऱ्या शेरवानीमुळे कॅमेरा स्वतःहून चित्र काळवंडून टाकतो, तेव्हा उजेडाचे माप आधी चेहऱ्यावर घेऊन पक्के करावे. फोनवर चित्रीकरण असेल तर फोन विमान-मोडवर टाकावा, नाहीतर ऐन कबूलच्या वेळी कोणाचा तरी कॉल येतो.

आवाज वेगळा घेत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. चित्रातला टाळीचा क्षण आणि ध्वनिपट्टीवरचा उंच झटका जुळवला की पुढचे आपोआप जुळते. जागेचा हिशोबही आधीच करावा. प्रतिसेकंद १०० मेगाबिट वेगाच्या फोर-के चित्रीकरणाला तासाला सुमारे ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दीड तासही पुरत नाही. घरच्या लग्नाला साधे फुल एचडी पुरेसे आहे. अज्ञान झाकण्यासाठी लोक मोठे आकडे वापरतात.

आता जनाना. या भागात चित्रीकरण नकोच, असे मी बहुतेकांना सांगतो. घरातल्या मुलींना आपली आठवण ठेवायचीच असेल तर ती मुलींनी टिपावी आणि संकलनही मुलींनीच करावे. मुलीने टिपलेले चित्र भाऊ संगणकावर तासन्‌तास पुढे-मागे करून पाहणार असेल, तर पडदा राहिला कोठे? ज्या चुलतबहिणी, वहिन्या आणि शेजारणी त्यात आहेत, त्या त्याच्या महरम नाहीत. म्हणून मी त्या तरुणाला सुचवले की लग्नाला दीड महिना आहे, धाकट्या बहिणीला मोबाइलवर चित्रफीत कापायला आणि जोडायला शिकव. आठ दिवसांचे काम आहे. ती चित्रफीत स्वतंत्र राहील, वधूच्याच हाती राहील आणि मर्दान्याच्या चित्रफितीत तिच्यातले एकही दृश्य येणार नाही. मर्दान्यात काम करतानाही मागे दारातून कोण ये-जा करते आहे, हे चौकट लावतानाच पाहावे. नंतर चेहरे धूसर करत बसण्यापेक्षा कॅमेरा दोन हात बाजूला सरकवणे सोपे.

संकलनाला बसताना पहिला नियम माझ्या अनुभवातून आलेला आहे : आधी ऐका, मग पाहा, आणि हे दोन्ही होईपर्यंत कोणालाही काही देऊ नका. ऐकताना निकाहशी संबंध नसलेले खासगी बोलणे लागले की तेथेच थांबा, तो तुकडा कापा आणि मूळ फाइलमधूनही काढून टाका. उत्सुकतेपोटी पुढचे ऐकू नका. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत दुसऱ्यांच्या मागे टेहळणी करण्यास मनाई आहे, आणि हेडफोन लावून बंद खोलीत बसलेला संकलकही टेहळणी करू शकतो. अबू दाऊदमध्ये ह. जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार, एखादा माणूस इकडेतिकडे पाहून आपल्याशी काही बोलला तर ते बोलणे अमानत ठरते, 'कोणाला सांगू नकोस' असे त्याने वेगळे म्हणायची गरज नाही. मामूंनीही त्या दिवशी इकडेतिकडे नक्कीच पाहिले असेल. खिशातला रेकॉर्डर त्यांना दिसला नाही.

दृश्यांचेही तसेच. तोंडात घास असलेली माणसे, पेंगणारे आजोबा, वाढप्याशी घासाघीस करणारा चुलता, दुसऱ्यांदा ताट घेणारा गरीब पाहुणा हे सारे कॅमेऱ्यात येते आणि काहींना ते गमतीचे वाटते. जो मुसलमानाचे वैगुण्य झाकतो, त्याचे अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. संकलकाइतकी झाकण्याची संधी त्या दिवशी क्वचितच कोणाला मिळत असेल. तीन तासांच्या चित्रीकरणातून वीस मिनिटे ठेवायची म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे झाकायचीच असतात.

हदीसमधल्या पहिल्या माणसाविषयीही एक शब्द. ही माझी तुलना आहे, फतवा नव्हे. न पाहिलेले स्वप्न सांगणे म्हणजे जे दिसले नाही ते दिसले म्हणून दाखवणे. एका परिचिताने केलेली चित्रफीत मी पाहिली होती. वधूपक्षाच्या संमतीचा प्रश्न विचारला जात असताना त्याने मध्येच रुखसतीच्या वेळचे वधूचे अश्रू जोडले होते. त्याला ते हृदयस्पर्शी वाटले. मला मात्र पाहताना असे वाटले की मुलीची मर्जी नाही आणि तिच्यावर बळजबरी होत आहे. ज्या निकाहमध्ये वधूच्या राजीखुशीला इतके महत्त्व आहे, त्या निकाहच्या मुख्य क्षणालाच त्याने, अजाणतेपणी का होईना, खोटी साक्ष जोडली. दृश्ये लहान करावीत, कंटाळवाणी गाळावीत, परंतु संमती, मेहरचा उच्चार, ईजाब, कबूल आणि दुआ यांचा क्रम आणि प्रसंग बदलू नये. मेहरची रक्कम ऐकू येईल अशीच ठेवावी. निकाहनामा आणि साक्षीदार हाच पुरावा खरा, तरीही पंचवीस वर्षांनी मुलांना वडिलांनी काय कबूल केले ते त्यांच्याच आवाजात ऐकू येणे वाईट नाही.

संगीताचा प्रश्न हमखास येतो. निकाह जाहीर व्हावा, त्यात आनंद असावा, हे तर सुन्नतच आहे. ह. रुबैय बिन्ते मुअव्विज (रजि.) यांच्या लग्नानिमित्त मुली दफ वाजवून गात होत्या आणि प्रेषित (स.) तेथे बसले होते, हे बुखारीत आहे. तुमच्या घरी दफ वाजला असेल तर तोच आवाज ठेवा. चित्रपटातील गाणे लावू नका. आणि त्याच्या उलट टोकाला जाऊन बिर्याणीच्या डेगीवरून कॅमेरा फिरत असताना मागे कुरआनची तिलावतही लावू नका. तिलावत सुरू झाली की गप्प राहून ऐकण्याचा हुकूम आहे, ती पार्श्वसंगीत नव्हे. मांडवातला गलका, भांड्यांचा आवाज, मुलांचे धावणे हे पुरेसे आहे. वीस वर्षांनी लोक तेच शोधतील.

शेवटचे काम बहुतेक जण करतच नाहीत. कार्डावरून फाइल 'डिलीट' केली म्हणजे ती गेली, असा समज असतो. वास्तविक केवळ तिची नोंद पुसली जाते. तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत साध्या सॉफ्टवेअरनेही ती परत मिळू शकते. म्हणून मित्राचे कार्ड परत करण्यापूर्वी ते पूर्ण फॉरमॅट करून एकदा भिंतीचे किंवा आकाशाचे काठोकाठ चित्रीकरण करावे, मग पुन्हा फॉरमॅट करावे. फोन आपोआप क्लाउडवर प्रती पाठवतो, ते आधीच बंद करावे. संकलनाच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये पडून असतात, त्या शोधून काढाव्यात. तयार चित्रफीत घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ती उतरते आणि तेथून कोठे जाते ते सांगता येत नाही. दोन पेन ड्राइव्ह, एक माहेरी आणि एक सासरी, हातात हात देऊन.

ईदनंतर, जिल्कदच्या पहिल्या आठवड्यात तो तरुण पुन्हा भेटला. बहीण सासरी सुखात असल्याचे त्याने सांगितले. चित्रफीत सतरा मिनिटांची झाली होती. मी ती पाहायला मागितली नाही आणि त्यानेही दाखवली नाही. खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. त्यावर दोन नावे होती, वडिलांचे आणि मेव्हण्याचे, आणि दोन्हींपुढे तारीख. जनान्याच्या चित्रफितीपुढे फक्त बहिणीचे नाव. खाली त्याने लिहिले होते : कार्ड कोरे, संगणक कोरा, फोन कोरा.

मी तो कागद काही वेळ हातात धरून ठेवला. मग मामूंना फोन लावला.